मायनं केलेलं अपील

माय,

तुला जाऊन तीस वर्षं झाली. भावाची नात वकिली शिकते आहे. परवा तिनं मला विचारलं, की त्या काळी खेड्यातली बाई अपील करायची म्हणजे नेमकं काय करायची. मी तिला तुझंच सांगत बसले.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी सासर सोडून रिठदला, तुझ्याकडे, आले होते आणि बायको नांदायला पाठवावी म्हणून नवऱ्यानं दावा लावला होता. तालुक्याच्या कोर्टात निकाल त्याच्या बाजूनं गेला. गावातल्या मोठ्या माणसांनी ओसरीवर बसून तुला समजावलं, की आता कोर्टानंच सांगितलं, विषय संपला. बाबा तर केव्हाच गेलेले. तू तुरीच्या शेंगा सोलत सगळं ऐकून घेतलंस. दुसऱ्या दिवशी वकिलांपुढे जाऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, "या सायबाच्या वर कोन हाये?"

वकील हसले नाहीत, याचं मला अजूनही बरं वाटतं. वर जिल्ह्याचं कोर्ट आहे, अकोल्याला, असं त्यांनी सांगितलं. तीस दिवसांत तिथं जावं लागतं, निकालाची नक्कल जोडावी लागते, आणि नुसत्या अपिलानं खालचा हुकूम थांबत नाही, त्यासाठी निराळा अर्ज द्यावा लागतो. तुला अक्षर येत नव्हतं, पण घरी येऊन तू मला यातला शब्दन् शब्द सांगितलास. नक्कल हातात पडेपर्यंत निंदण अर्धवट टाकून तीन खेपा केल्यास. पुढे नवऱ्याची माणसं गाडी जुंपून मला न्यायला आली, तेव्हा तू दारात उभी राहून खालचा हुकूम थांबवल्याचा, तहकुबीचा कागद दाखवलास. ती माणसं तशीच परत गेली.

सुनावणीला आपण वाशीम स्टेशनवर अकोल्याची गाडी धरली, तेव्हा सोबत माझ्या सासरची शेजारीण होती. मला कोंडून ठेवलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण खालच्या कोर्टात तिला तिच्या नवऱ्यानं येऊ दिलं नव्हतं. तू त्याच्याकडे दोनदा पायी जाऊन त्याचं मन वळवलं होतंस. अकोल्याच्या कोर्टाच्या आवारात वकिलांनी तिला पाहिलं. मग म्हणाले, अपिलात नवा साक्षीदार सहसा घेत नाहीत, खाली जे लिहून झालं तेच वरचे न्यायाधीश पुन्हा वाचतात. मला वाटलं, आपली खेप फुकट गेली. तू म्हणालीस, "मंग लिहेल हाये ते तरी पुरं वाचा. तो सोताच बोलला होता, बाहेरून कडी घालून वावरात जात होतो म्हून."

वकील तिथंच पायरीवर बसून कागद उलटू लागले. उलटतपासणीत माझ्या नवऱ्याच्याच तोंडचं ते वाक्य होतं. निकालात त्याचा उल्लेखही नव्हता. वर्षभरापूर्वी खालच्या कोर्टात एकदाच कानावर पडलेलं, आणि तुझ्या ध्यानात होतं! आत न्यायाधीशांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि समोरच्या वकिलांना विचारलं, किती दिवस कोंडत होता?

महिन्याभरानं निकाल फिरला. बातमी घेऊन आलीस तेव्हा तू आधी बैलांना पाणी पाजलंस, मग मला सांगितलंस, आणि लगेच म्हणालीस, "आता तू शिक. मले वाचता येत असतं तं ते वाक्य खालीच दाखोलं असतं." मी शिकले, शाळेत मास्तरीण झाले, माझ्या पगारावर ताठ मानेनं जगले.

एक गोष्ट भावाच्या नातीलाही सांगितली नाही. अपिलाच्या वकीलपत्रावर सही करायला जायचं त्या सकाळी मी ताप आलाय म्हणून पडून राहिले होते. ताप नव्हता. पुन्हा कोर्टात उभं राहण्यापेक्षा नांदायला गेलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं होतं. तू माझ्या कपाळावर हात ठेवून पाहिलास. ते गारच लागलं असणार. तू एकटीच गेलीस, कागद घरी आणलास आणि पुढ्यात ठेवून म्हणालीस, "तुई मर्जी असंन तं कर." तुझ्याकडे न बघता मी सही केली.

पुढे इतकी वर्षं आपण एका चुलीवरचं जेवलो, पण हे बोलायचा धीर मला झाला नाही. आता झाला, तोही हे पत्र कुठंच पोचणार नाही म्हणून.