मुरगूडचा, पण मालकाच्या बाजूचा

आबा, सगळ्यात आधी आला तो एजंट. घर विकणारी नवरा-बायको गाडी लावायला जागा मिळेना म्हणून खालीच अडकली होती. तीन जिने चढून पोरगा घामाघूम. मी विचारलं, "पावणं, गाव कुठलं?" तर म्हणाला, "मुरगूड की!" झालं. माझ्या माहेरचा माणूस! आधी पाणी, मग पोहे, वर शेव. पोहे मी करायचे सोडलेत, सुनेला माझं तिखट सोसत नाही, पण माहेरच्या माणसाला तिचे ते साखर घातलेले पोहे द्यायचे म्हणजे... असो. तो मला आत्या म्हणायला लागला आणि माझी जीभ सुटली.

विषय तळमजल्याच्या फ्लॅटचा. नातीनं फोनवर शोधला, आम्ही सगळे बघूनही आलो. माझ्या गुडघ्यांना हे जिने आता होत नाहीत; उतरले तर चढायचं कुणी, म्हणून मी वरच बसलेली असते. म्हटलं, "बाळा, तुला म्हणून सांगते, त्या घरापायी आम्ही कुठवर जायला तयार हाय..." तोच त्यानं बशी खाली ठेवली. "आत्या, थांबा. त्ये मला सांगू नका. मी घरमालकाच्या बाजूनं आलोय. तुम्ही बोललासा की मला त्यास्नी सांगाय लागंल. तुमच्या बाजूनं बोलाय तुमचा माणूस बसवा."

असा राग आला, आबा! माझे पोहे खातोय आणि मलाच परकं करतोय? मी बशी मागं ओढली सुद्धा. "मुरगूडचा न्हवं का रं तू?"

"व्हय की. मुरगूडचाच. पण ह्या येव्हारात त्यांचा."

सून तोंड फिरवून हसायला लागली. आणि बशी तशीच हातात धरून उभी असताना मला तुमचा बैलबाजार दिसला. मी तुमची भाकरी घेऊन आलेय, तुम्ही टावेल झटकताय. टावेलाखाली बोटं धरून भाव ठरायचा, पण हात खाली घालायच्या आधी तुम्ही मोठ्यानं सांगायचा, आज दलाली कुणाच्या बाजूनं. त्या दिवशी बैल घ्यायला मामा आलेला, आईचा सख्खा भाऊ. तो तुमच्या कानाला लागला, तर तुम्ही सगळ्या बाजारात ओरडलात, "पावणं, आज मी बैलवाल्याचा हाय! मनातलं मला सांगू नका, दुसरा माणूस बघा!" मामा तसाच उठून गेला. संध्याकाळी आई भाकरी थापत नव्हती, आपटत होती. "माझ्या भावाला चारचौघांत परकं केलासा!" तुम्ही म्हणालात, "परकं न्हाय केलं. फसवलं न्हाय, एवढंच." आईनं तुम्हाला करपलेली भाकरी वाढली. तुम्ही खाल्लीत. मला मात्र आईचंच खरं वाटायचं, कालपरवापर्यंत.

मी बशी पुढं सरकवली, शेव आणखी घातली. "खा बाबा. बरं झालं वेळेवर बोललास." मग मालक-मालकीण आली. माझ्या शेजारी नात बसली, मुलानं आमच्या बाजूनं बोलणं धरलं. आणि मी? म्हशींवर बोलले, मुरगूडच्या पावसावर बोलले, घरावर एक शब्द नाही. सून म्हणते, "आई, बरं हाय न्हवं तुम्हाला?" जाताना पोरगा पाया पडला. म्हणाला, "आत्या, पोहे झ्याक झालतं, नाक वाहतंय अजून."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुमचा पत्ता तरी काय घालू? पण तुम्ही आता दुसऱ्या कुणाच्या बाजूचे नाही, म्हणून सांगते. त्या घराच्या खोल्या मी धड बघितल्याच नाहीत. दारापुढं एक रुंद पायरी आहे, तिच्यावर टेकले. भाजीवाली थांबली, शेजारीण थांबली, कुणाची सून कुणाशी बोलत नाही ते कळलं. एवढी माणसं मला वर्षभरात भेटली नव्हती. त्या पायरीपायी ते मागतील त्या भावाला मी हो म्हणाले असते, आबा. घरात कुणाला ठाऊक नाही. भाव अजून ठरला नाही; मालक-मालकीण शुक्रवारी परत येतो म्हणालेत.