डाव्या कौलाची विनंती

लालबाग, मुंबई
९ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांस,
सुशांतचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे. बाबांचा खोकला थांबला, आईची शिलाई मशीनशी भांडणं चालू आहेत, आणि मी परळला हॉस्पिटलसमोरच्या त्याच झेरॉक्सच्या दुकानात आहे. कॉलेज अर्ध्यात सोडल्याबद्दल काका म्हणून तुम्ही जे लिहिलंत ते वाचलं. दोनदा वाचलं. सरांच्या टेबलावर ओळखपत्र फेकलं ते फेकलं, आता त्यावर बोलणं नको.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुम्हाला ऐकू कमी येतं म्हणून तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि ओटीवर निम्मी वाडी बसलेली असते. हे प्रकरण वाडीत जायला नको.

समोरच्या खोलीतल्या, आपल्या गावच्याच सीमाकाकूंनी तुम्हाला देवाला कौल लावायला सांगितलाय. त्यांची दर्शना कापडाच्या इंजिनिअरिंगला तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या आजोबांची गिरणी बंद पडली, पण या घराचं सूत काही सुटलं नाही. तिला कॉलेजतर्फे वर्षभर जर्मनीत शिकायची संधी आलीय. शिष्यवृत्ती आहे, परत येऊन शेवटचं वर्ष इथंच. होकार एकतीस मार्चच्या आत कळवायचा. तिचे बाबा म्हणतात, आई म्हणेल ते. आई म्हणते, देव म्हणेल ते. तेव्हा पाषाणाला ओल्या पाकळ्या लावा. उजवी आधी पडली तर दर्शना जाईल, डावी पडली तर राहील. हे झालं काकूंचं.

आता माझं. अप्पा, डावी पाडा.

तिला मी अजून काही बोललेलो नाही, पण तिला माहीत आहे. आख्ख्या मजल्याला माहीत आहे. गेली तर ती परत येईलही, पण माझ्याशी बोलेल काय? ती बर्फ बघून आलेली, आणि मी दोन रुपयाला एक पान काढणारा. चाळीस वर्षं तुम्ही पाकळ्या लावताय. कुठली किती ओली ठेवली की कधी पडते, हे तुम्हाला ठाऊक नसेल असं मी मानत नाही. देवाचं यात काही बिघडत नाही, माझं मात्र सगळं सुधारेल.

एवढं केलंत तर शिमग्याला पालखीला खांदा माझा. माया आहे तेवढीच ठेवा, उत्तर मात्र लवकर द्या.

तुमचा
सुशांत

---

गावाहून
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सुशांत यास अप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनने पाकीट आधी उन्हाकडे धरून बघितलं, तेव्हा तुझी गुप्तता कितपत टिकली ते तोच सांगेल. काजूला मोहोर बरा आहे. तुझी काकू गुडघ्याला तेल लावते आणि शिव्या मला देते.

तुका काय वाटला, देव तुझ्या झेरॉक्सच्या दुकानात कामाक आसा? होयी तशी प्रत काढून देऊक?

होय, कुठली पाकळी कधी पडेल ते मला कळतं. म्हणूनच दोन्ही एकाच वाटीत भिजवतो आणि लावताना डोळे मिटतो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगतोय.

दुसरं असं, की तुझ्या आधी आठ दिवस मला आणखी एक पाकीट आलं. दर्शनाचं. तिची मागणी उजवीची. आपला देवावर फारसा विश्वास नाही, पण आईचा आहे, तेव्हा अप्पा एवढं कराच, असं चक्क लिहिलंय. पुढे चार पानं भरून तिथे काय शिकायचंय ते आहे. मला त्यातलं धाग्यापलीकडे काही कळलं नाही, पण पोरीला किती जायचंय ते कळलं. तुझं नाव एकदाच आहे, शेवटच्या पानावर. सुशांतला सांगू नका, तो हल्ली तसाही कमी जेवतो, म्हणते.

दोघं दोन्हीकडून मला फितवणार असाल तर मी पाकळीला हात लावणार नाही. सीमाकाकूंचा निरोप तू आणलास, उत्तरही तूच ने. खरं सांग, नाहीतर डावा कौल झाला म्हणून सांग. मी खोडून काढायला मुंबईला येणार नाही, मला तेवढा प्रवास झेपत नाही.

जेवत जा. डोकं थंड ठेव आणि अप्पाला विसरू नकोस.

तुझा
अप्पा

---

लालबाग
१६ मार्च २०२५

ती. अप्पांस,
सुशांतचा सा. न. वि. वि.

शिमग्याला आलो नाही. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

तुमचं पत्र तीन दिवस खिशात होतं. चौथ्या दिवशी काकूंकडे गेलो तो खोटं सांगायचं ठरवूनच. काकू कुरडया घालत होत्या आणि दर्शना त्या जर्मन आकड्यांत मोजत होती. मजा म्हणजे काकूही तिच्यामागून बारापर्यंत म्हणत होत्या. मला बघून दोघी थांबल्या. दर्शनाने माझ्याकडे असं बघितलं, जसं लोक ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या डॉक्टरकडे बघतात. मग माझ्याने डावा म्हणवेना. मी तुमचं पत्र सरळ वाचून दाखवलं. फक्त माझ्या जेवणाचं गाळलं.

काकू जाम भडकल्या. देवाला फितवायला निघालात, लाज आहे का, म्हणाल्या. दर्शनाचा पारा माझ्यावर चढला, माझा तिच्यावर, आणि मजल्यावरची चार दारं उघडली. ओरडून झाल्यावर काकूंनी एकच विचारलं, की त्या चार पानांत होतं काय. दर्शना सांगायला बसली. तासभर बोलत होती. ओल्या पिठावर पापुद्रा धरला. शेवटी काकू म्हणाल्या, हे मला सांगायचं सोडून गावाला कशाला लिहिलंस? आणि उठून तिच्या बाबांना फोन लावला, की पोरगी जातेय.

दर्शना माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. ठीक आहे, मीही कुठे बोललो. मी कॉलेजला परत जाणार का, हे एवढ्यात विचारू नका. फॉर्म आणून ठेवलाय, इतकंच.

काल ती दुकानात आली, तिकडचा अर्ज छापून घ्यायला. अडीअडचणीला इथं कुणाला कळवायचं, म्हणून दोन नावं मागितली होती. पहिलं तिच्या बाबांचं. दुसरं माझं, मोबाईल नंबरसकट. पुढचा नात्याचा रकाना कोरा. मी बोट ठेवून विचारलं, तर म्हणाली, तो तू भर. तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी बराच वेळ पेन धरून उभा राहिलो, आणि इंग्रजीत शेजारी असं लिहिलं.

तिने वाचलं, कागद फायलीत घातला, आणि म्हणाली, एका वर्षापुरतं चालेल.

तुम्ही मला रागावत राहा, आणि जीवही असाच लावत राहा.

तुमचा
सुशांत