कमरछठेच्या सकाळचं इंजेक्शन

मुर्री, राखीचा दिवस

प्रिय रीना,

पत्र बघून हसशील. पण फोन केला की तू "नंतर बोलू" म्हणून ठेवून देतेस, म्हणून हा खटाटोप. आमच्या वृद्धाश्रमाचे बकारामभाऊ उद्या औषधं आणायला नागपूरला येताहेत, त्यांच्या हाती देतेय. शाळेत माझ्या चिठ्ठ्या तू पोचवायचीस, आठवतं?

तुझ्या आईची तब्येत तशी बरी आहे. सकाळी सात वाजता काकी बोट पुढे करतात, मी टोचून साखर बघते, मग पोटावर इन्सुलिन. अकरा जणांना देते मी, पण नखरे काकींचेच. कालच्या जागी नको, आज तुझा हात जड आहे, एक ना दोन. इंजेक्शननंतर अर्ध्या तासात नाश्ता पोटात गेलाच पाहिजे, नाहीतर साखर एकदम उतरते. म्हणून मी पुढ्यात बसून राहते. "काऊन पाहून राहिली वं? मी का लहान पोरगी आहो?" असं करवादतात. मीही ऐकून घेत नाही, माझं तोंड तुला माहीतच आहे.

हा पहारा गेल्या वर्षीच्या कमरछठेपासूनचा. मुलासाठी उपास करायचा, नांगरल्या जमिनीतलं काही खायचं नाही, हे मला आपल्या गावात, केशोरीतच कळलेलं. पण तो दिवस माझ्या ध्यानात नव्हता. काकींनी इंजेक्शन मुकाट घेतलं, तेव्हाच खरं तर मला संशय यायला हवा होता. पोहे शेजारच्या सुशिलाबाईंच्या ताटात ढकलले आणि मला म्हणाल्या, "झालं ना वं खाऊन." दहा वाजता बघते तर घामानं लुगडं भिजलेलं, जीभ जड झालेली, साखर अठ्ठेचाळीस. साखरेचं पाणी तोंडाशी नेलं तर दात घट्ट आवळलेले. ऊस नांगरल्या वावरातला, म्हणून चालत नाही! रीना, मी त्यांच्यावर ओरडले, रडले, हातापाया पडले.

शेवटी हिमांशूला व्हिडिओ कॉल लावला. तो हैदराबादहून म्हणाला, "आई, माझी शपथ आहे, पी." एवढंच. घटाघटा प्यायल्या. दुपारी भानावर आल्यावर पूजा केली आणि पांढऱ्या मातीत बुडवलेलं फडकं घेऊन पुन्हा फोन लावायला लावला. उपासाच्या दिवशी मुलाच्या पाठीवर ते थोपटायचं असतं ना. तुझा भाऊ तिकडे ऑफिसात शर्ट वर करून आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि काकींनी सहा वेळा फोनवर फडकं थोपटलं. फोन पुसताना मी खूप हसले होते.

आज सकाळी विचारत होत्या, "रीनाची राखी पोचली का हिमांशूले?" मी हो म्हटलं. तो फोन काऊन नाही करत, असं विचारलं, तर म्हटलं परदेशात आहे, रात्रपाळी आहे. तू सांगितलेलंच सांगितलं. मग त्यांनी गादीखालून तेच फडकं काढलं. धुऊन, घडी करून ठेवलंय. सहा दिवसांनी कमरछठ. म्हणाल्या, "यंदा मले काही पाजू नको. आधी त्याची पाठ दाखव."

मी डॉक्टरांना विचारलं. डोस कमी करू म्हणतात, पण पोटात काहीच नसेल तर भरवसा देत नाहीत. डोस टाळला तर साखर चारशेवर जाते. पोराला आयुष्य मिळावं म्हणून ही बाई जिवावर उदार झालीय आणि पोरगा होळीलाच गेला, रीना. अपघाताचा फोन आला तेव्हा तू म्हणालीस, आईला सांगू नको, सहन होणार नाही. माझ्यातही हिंमत नव्हती, म्हणून पाच महिने मी खोटं बोलत आले. तुझ्यावर राग नाही गं. तूही भाऊ गमावलास आणि धड रडलीसुद्धा नसशील. पण शपथ घालून तिला पाणी पाजणारा आता कोणी नाही. तू कमरछठेच्या आधी ये. सांगायचं तूच सांग, मी साखरेचं पाणी घेऊन शेजारी बसते. नाही आलीस, तर त्या सकाळी काकी मुकाट इंजेक्शन घेतील आणि मला म्हणतील, फोन लाव. तेव्हा मी कोणाची पाठ दाखवू?

तुझी वाट बघणारी, तुझीच
दामिनी