पहिल्या तोंडावर ठेवलेलं बोट

मी कडूबाई सिदू शेंडगे, वय बासष्ट (दाखल्यावर अठ्ठावन्न, मास्तरनं तारीख मनानंच टाकली), धंदा शेती आन् मेंढरं, राहणार पाटोद्याजवळची वस्ती, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माज्या हातानं लिहिते. सातवी पास हाय. कुणी दम दिला न्हाई, कुणी चहा पाजून बसवलं न्हाई. लिहिलंय ते राजीखुशीनं, मालक सिदू जाऊन नऊ वर्षं झाली, आता भांडायला कागदच उरलाय.

माजं डोकं ठिकाणावर हाय असा डॉक्टरचा दाखला लागतो म्हणं. वकील म्हणाला, पाटोद्यात कुणीबी देईल. मी म्हणलं, कुणीबी नगं. कोण पायजे ते मी ठरवलंय.

कलम १. पत्र्याच्या दोन खोल्या आन् माज्या नावचं दीड एकर रान नातीला, शिवकन्या परमेश्वर शेंडगे हिला. औंदा तिला अठरा पुरी झाली. माजा ल्योक परमेश्वर ह्यानं पुढच्या खोलीत रहावं, पण एका अटीवर. त्यानं स्वप्नाचा, म्हणजे शिवकन्याच्या आईचा फोटो ज्या खिळ्यावरून काढला, त्याच खिळ्यावर परत लावायचा. खिळा मी उपटू दिला न्हाई. बायको मरून पाच महिने न्हाई झाले तर ह्यानं दुसरी आणली. नव्या सुनेवर माजा राग न्हाई. तिलाबी कुणी विचारलं न्हाई, जसं स्वप्नाला विचारलं न्हवतं.

कलम २. एकतीस मेंढरं, दोन शेळ्या आन् कुत्रं शिवकन्याला. कुत्रं परमेश्वरचं ऐकत न्हाई, त्याला माणसं कळतात.

कलम ३. फडताळात औषधाची छोटी बाटली हाय. तिच्यात अकरा खडे हायेत, माज्या पित्ताच्या पिशवीतले. चार वर्षांमागं ऑपरेशन झालं तवा डॉक्टरनं हातात दिले, जसा काय प्रसाद. ती बाटली परमेश्वरला. रोज सकाळी बघावी आन् आपल्या आईच्या पोटात काय काय साठलेलं व्हतं त्याचा विचार करावा.

ह्या बाटलीपासून सगळं सुरू झालं, म्हणून इथं जरा लांबण लावते.

शहरातल्या दवाखान्यात (नाव लिहू नको असं वकील म्हणाला) डॉक्टर तेजश्री नावाची पोरगी हाय. बारीक, चष्मेवाली, चालती भरभर. तिचा अभ्यास चालू व्हता. पित्ताची पिशवी पोटाला चार भोकं पाडून काढतात, ती बेंबीतून एकाच भोकातनं काढली तर दुखणं कमी व्हतं का, असा. तिनं मला बसवून नीट समजावलं.

"मावशी, आधी पोटात हवा भरायची, मग बेंबीतून कॅमेरा घालायचा."

मी म्हणलं, "आगं, आमी मेंढरू फुगलं तर वारं काढाया भोसकतो, तू वारं भराया भोसकती. तुजं माजं एका मेंढीवर जमायचं न्हाई."

लई हसली. मग बंद पाकिटं आणली. कुणाला एक भोक, कुणाला चार, ते पाकिटात. नर्सनं माजं उचललं, एक निघालं. म्हणलं, लग्नातबी माजी चिठ्ठी दुसऱ्यानंच उचलली, तवा सिदू निघाला. सगळा वार्ड हसला. तिथनं मला वार्डात मान मिळाला, आन् तोच नडला.

दुखणं मोजायचा तिच्याकडं तक्ता व्हता. सहा तोंडं काढलेली. पहिलं हसतंय, सहावं रडतंय. रोज दोन टायमाला यायची. "मावशी, आज कितवं तोंड?"

आता आमची रीत लिहिते, म्हणजे पुढचं कळंल. आमी मेंढरं घेऊन सहा-सहा महिने गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, जाणारी माणसं. बाईनं दुखतंय म्हणलं की अख्खा कळप थांबतो. माणसं चिडतात, रानमालक हाकलतो. परमेश्वर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाटीत त्याला घालून चार कोस चाललेते. बाईनं दुखतंय म्हणायचं न्हाई. सासूनं मला सांगितलं, मी स्वप्नाला सांगितलं.

म्हणून मी पहिल्या तोंडावर बोट ठेवलं. पोट आतून कुणी पिळतंय, खांद्यात कळ येतीया, तरी पहिलं तोंड. एवढ्यावर थांबले असते तर एकटीचं पाप व्हतं. पण मला थट्टा करायची लई खोड. एका भोकाच्यांची रांग येगळी व्हती, तिच्यात मला धरून आमच्याच बाजूच्या आठ बाया. बाकीच्या सातजणींना मी शिकवलं, "पोरगी गोड हाय, नाराज करू नका. पहिल्यावर बोट ठेवलं की सुट्टी लवकर." तेजश्री आली की रांगेत आठ बोटं पहिल्या तोंडावर, आन् तिची पाठ फिरली की आठ तोंडं उशीत.

वर्षाभरानं तपासणीला गेलते तर तिनं पेढा दिला. एका भोकाच्या बायांना दुखणं लई कमी, असं तिच्या अभ्यासात निघालं, मोठ्या मासिकात छापून आलं, बक्षीस मिळालं. मी दोन पेढे खाल्ले. एक शिवकन्याला आणला.

मग दवाखान्यानं नेम केला. एक भोक पाडायचं, आन् पहिलं न्हाई तर दुसरं तोंड दाखवलं की दुसऱ्या दिवशी घरी.

कलम ४. हे कलम स्वप्नाचं हाय. तिला द्यायला आता माज्याकडं काय न्हाई, नुसतं लिहायचंय.

दोन वर्षांमागं दिवाळी झाली आन् स्वप्नालाबी खडे निघाले. मीच म्हणलं, माज्या डॉक्टरकडं चल. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी नर्स तक्ता घेऊन आली. स्वप्नानं तक्त्याकडं न्हाई, माज्याकडं बघितलं. मी डोळा मारला. तिनं पहिल्यावर बोट ठेवलं. कळप निघायचा व्हता, परमेश्वरला घाई, त्यानं सुट्टीच्या कागदावर सही केली.

तिसऱ्या दिवशी चुलीम्होरं बसून म्हणाली, "आत्याबाई, लई दुखतंय वो."

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, कुणी पुसू नये. "मी तिसऱ्या दिवशी मेंढरं वळली. तू काय कापसाची हाईस का?"

खोटं बोलले. तिसऱ्या दिवशी मी बोरीच्या आड आडवी पडून व्हते आन् मेंढरं कुत्र्यानं वळली.

ती उठली. भाकरी केल्या. परमेश्वर म्हणाला, "आई, हिला ताप हाय का बघ." मी म्हणलं, "बायकांचं बायका बघतील, तू कळप बघ." ह्यातलं निम्मं त्याचं, निम्मं माजं. माजं जास्त हाय, पण मृत्युपत्र मी लिहितेय म्हणून त्याच्यावर जरा ज्यादा टाकलं असंल.

पाचव्या दिवशी ती उठंना. लुगडं सैल केलं, पोटावर बोटं वाजवली, जशी मेंढीच्या कुशीवर वाजवतो. ढोलासारखं ताठ. चाळीस वर्षं मी मेंढरांची पोटं वाजवली. एकाबी मेंढीला पाच दिवस थांबवलं न्हाई. सुनेला थांबवलं.

जीपमध्ये घातली. दवाखान्याच्या दारात पोचलो तवा ती माज्याकडंच बघत व्हती. आत पित्त पाझरलं व्हतं, असं नंतर सांगितलं. वेळेवर आणली असती तर नळी घालून वाचली असती, हेबी सांगितलं.

तेराव्यानंतर मी तेजश्रीकडं गेलते. सगळं सांगितलं, आठ बोटांचं. ती पांढरी पडली. मग म्हणाली, "मावशी, तो अभ्यास बंद झालाय. छापून झालंय."

म्हणलं, "माजी सून गेली ते कुठं छापलंय का?"



पोरगी वाईट न्हाई. माज्या आख्ख्या जल्मात 'कडूबाई, किती दुखतंय' असं एकटीनं विचारलं, ते तिनं. आन् पहिल्यांदा कुणी विचारलं तवा मी खोटं बोलले. पण अजून तिथं बायका येतात, पहिल्या तोंडावर बोट ठेवतात आन् दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसतात.

कलम ५. वारं काढायची सुई, पितळी मुठीची, सिदूच्या बापाची, डॉक्टर तेजश्रीला. तिच्याकडं लई भारी सुया असतील. पण ह्या सुईला मेंढी खोटं बोलत न्हाई.

आता दाखल्याचं. डोकं ठिकाणावर हाय असं तेजश्रीनंच लिहून द्यायचं. तिनं तसं लिहिलं, की वरचंबी ठिकाणावरच्या डोक्यानं लिहिलं असं झालं. आन् न्हाई लिहिलं, तर येड्या बाईचं बोट तिनं अभ्यासात कसं घेतलं? परवा निरोप धाडला. ती आज वस्तीवर आली, बाजेवर बसली, सगळं दोनदा वाचलं.

"मावशी, तुम्ही मला अडकवलंत."

"तू तरी एकाच भोकातनं आत शिरलीस. मी दारानं बोलावलं."

हसली न्हाई. पिशवीतनं तोच तक्ता काढला. "खरं कितवं होतं?"

मी बोट ठेवलं.

दाखला: मी डॉ. तेजश्री, श्रीमती कडूबाई सिदू शेंडगे यांना आज तपासले. त्यांची स्मृती व बुद्धी शाबूत असून त्यांनी हा मजकूर समजून लिहिला आहे. माझ्या अभ्यासातील रुग्ण क्रमांक १९ या त्याच आहेत. तेव्हाची नोंद: पहिले तोंड. आज त्यांनी दाखवलेले: सहावे. उरलेल्या सात जणींना भेटून मी हे संबंधित मासिकाला व रुग्णालयाला लेखी कळवीन. (सही)

पुरवणी: 'कळवीन' लिहिलंय, 'कळवलं' न्हाई. म्हणून कलम ५ ची सुई आज दिली न्हाई. कळवल्याचा कागद शिवकन्याच्या हातात पडंल त्या दिवशी शिवकन्यानं सुई द्यावी. तवर ती माज्या उशाशी, आन् मी गेल्यावर स्वप्नाच्या फोटोखाली राहील. तेजश्री जाताना म्हणाली, येते मावशी. म्हणलं, कागद घेऊनच ये.

साक्षीदार:
१. सुग्रीव ज्ञानोबा कोळेकर, शेजारी (सही)
२. बंकट रामा काळे, माजी पोलीस पाटील (सही)
दोघांनाबी ह्या मृत्युपत्रात काय दिलं न्हाई, म्हणून साक्षीला चालतात.

सही: कडूबाई सिदू शेंडगे
ठिकाण: वस्तीवर, ता. पाटोदा, जि. बीड
दिनांक: ९ डिसेंबर २०२५