हळदीचा फोटो

इंझोरी, ता. ३ फेब्रुवारी १९२६

चि. शालिग्राम यास उकंडरावचे अ. उ. आ.

इकडे सर्व खुशाल, असे या वेळी लिहवत नाही. रुख्मिणीचा फोटो शिरपुरात काढवून मालेगावच्या जगदेवरावांकडे, त्यांच्या मुलाच्या स्थळासाठी, धाडला होता. फोटोत पोरीच्या गालांवर काळे चट्टे! त्यांनी तो परत केला आणि निरोप दिला की पोरीले रोग हाये तं लपवून कायले ठेवता. पोरीच्या तोंडावर साधा डाग नाही, हे तुला ठाऊक आहे. पण गावभर बोभाटा झाला. हे स्थळ गेले तर दुसरे कोण येणार? तुझी आई जेवत नाही.

फोटो सोबत आहे. तू तिकडे उजेडाचे शास्त्र शिकतोस, त्यातून काही उमगते का पाहा. जगदेवराव पुढल्या आठवड्यात दुसरी मुलगी पाहायला निघणार. बहिणीवर माया आहेच, ती आता कामी येऊ दे.

नागपूर, ता. ७ फेब्रुवारी

ती. बाबांस शालिग्रामचा सा. न. वि. वि.

आधी आईला विचारा, फोटोच्या दिवशी रुख्मिणीच्या तोंडाला हळद चोळली होती का? पोर उजळ दिसावी म्हणून चोळली असणारच, मी आईला ओळखून आहे. कॅमेऱ्यात ज्या काचेवर फोटो उमटतो, त्या साध्या काचेला निळा-जांभळा उजेडच तेवढा कळतो, पिवळा-तांबडा नाही. आणि हळद नेमका तो निळा उजेड गिळते. जिथे हळद राहिली, तिथे काचेला काळोख दिसला. खात्री हवी तर लुगडे पाहा. काठावरून मी ओळखले, ते आस्मानी आहे, पण फोटोत पांढरेफटक आले. निळा उजेड ते गिळत नाही, परत धाडते. फोटो सोबत परत धाडतो, लुगडे आणि फोटो शेजारी ठेवून जगदेवरावांना दाखवा. उशीर करू नका. आईला जेवायला सांगा, आशीर्वाद असू द्या.

इंझोरी, ता. १६ फेब्रुवारी

ती. दादास रुख्मिणीचा शि. सा. न.

आईने हळदीचे कबूल केले आणि पोटभर रडली. बाबा लुगडे बगलेत मारून मालेगावी गेले. जगदेवरावांना सगळे पटले. तरी परवा त्यांच्या घरच्या बायका आल्या. माझे तोंड पुन्हा पुन्हा धुववले, पदराने घासले. मग आतल्या खोलीत नेऊन पाठ, पोट, पाय, सगळे पाहिले. मुलाची मावशी बाहेर येऊन म्हणाली की पोरगी साफ हाये, आता आमची ना नाही. आई साखर आणायला उठली. मी म्हटले की मले हे घर नोको.

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. बाबा सारखे विचारतात की डाग तं गेला, आता काहून नाही म्हणून राह्यली. मला नीट सांगता येत नाही. त्या खोलीची आठवण आली की मी पदर घट्ट लपेटून घेते, आणि त्याच बायकांच्या हाताखाली मला जन्म काढायचा आहे.

दादा, बाबा तुझेच ऐकतात. त्यांना एक पत्र लिही. शास्त्र नको. रुख्मिणी नाही म्हणते, एवढेच लिही.

मायेला अंतर देऊ नकोस.

तुझी धाकटी,
रुख्मिणी