तबकडी दिसेनाशी होईपर्यंत

१५ जानेवारी, बुधवार
पर्यावरणशास्त्राच्या पदवीतलं आता फक्त प्रोजेक्ट उरलंय. किसुमू शहराजवळच्या एका काठावर सरोवराचं पाणी किती स्वच्छ आहे ते मोजायचं. काम म्हणजे पोरखेळ. काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी झाली की दोरीवरचा आकडा लिहायचा. दर गुरुवारी सकाळी सहाला, दहा आठवडे. संकल्प: एकही गुरुवार चुकवायचा नाही. आईने माझ्या पदवीदानाला घालायला स्वतःसाठी रंगीबेरंगी किटेंगे कापडाचा झगा आत्ताच शिवायला टाकलाय. गावात मला डॉक्टर म्हणतात. मी नको म्हणत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार
गजर झाला होता म्हणे. रूममेट वाफुलाने पांघरूण ओढलं तेव्हा कुठे जाग आली. पोचलो सव्वासातला. नाववाले ओमोलो काका सहापासून थांबलेले. सत्तरी उलटलेला माणूस, एक वाक्य बोलायच्या आधी दहा वेळा वल्हं मारतो. म्हणाले, प्रोफेसर, सूर्याला सांगून बघितलं थांब म्हणून, ऐकेना. काठावर ओमेना मासळी वाळत घालणाऱ्या बायका खदाखदा हसल्या.
नावेत उलटी झाली. दोनदा. आकडा: ५८ सेंटिमीटर. मी हेलकावे खात असल्यामुळे तबकडी काकांनीच धरली होती, पण वाचन माझं.
तबकडी काकांकडेच ठेवून आलो. गच्च भरलेल्या मटाटू व्हॅनमध्ये ती मांडीवर घेऊन बसलं की लोक विचारतात, ड्रायव्हर स्टिअरिंगशिवाय चालवतोय का.

२३ जानेवारी, गुरुवार
डोकं जड. झोप अपुरी झाली की पोटात ढवळतं आणि पोटात ढवळताना नावेत बसणं अशास्त्रीय. काकांना फोन केला, मलेरिया झालाय. ते म्हणाले, अरेरे, पड मग गप. कडुनिंबाचा पाला उकळून पी, आणि उठू नकोस, सांगून ठेवतो.
गेल्या आठवड्यात ५८ होता, म्हणजे आज ६० असणार. अंदाज हीसुद्धा एक मान्य पद्धत आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मलेरिया चालूच. मागच्या गुरुवारी ६२, आज ६५. दुपारी हॉस्टेलच्या गेटवरून निरोप आला, काठावरची एक बाई काहीतरी देऊन गेलीय. बघतो तर पिशवीभर कडुनिंब. काकांनी पाठवलेला. वाफुला म्हणाला, पी की आता, आजारी आहेस ना. माझ्यासमोर उकळून दिला. प्यायलो. इतकं कडू आयुष्यात काही प्यायलो नव्हतो.
लाज वाटली. बराच वेळ. मग क्रिकेटची मॅच लागली.
पुढच्या गुरुवारपासून नक्की.

२० फेब्रुवारी, गुरुवार
गेल्या गुरुवारी दोन गजर लावले, दोन्ही वाजले, पण ते वाफुलाच्या बाजूला होते. ६९ लिहिला. आज मलेरियाचा टायफॉइड केला, एकच रोग फार दिवस चालत नाही. काका फोनवर काहीतरी सांगत होते, आज नाव वगैरे. मी खोकत होतो, नीट ऐकलं नाही.
आकडा: ७४. शेरा: पाणी निवळशंख, वारा मंद. नुसते आकडे कोरडे वाटतात, म्हणून हल्ली शेरे लिहितो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
मेसमध्ये आठवडाभर मासा नाही. सकाळ-संध्याकाळ मक्याच्या पिठाची उगाली आणि राजमा. विचारलं तर आचारी म्हणाला, सरोवराला विचार, तुझा विषय आहे ना? उर्मट माणूस. पर्यावरणाचा विद्यार्थी म्हणून यात खोलात जायला हवं खरं तर, पण प्रोजेक्टमुळे वेळ कुठला.
कालचा आकडा: ७८. पाणी निवळशंख.

२१ मार्च, शुक्रवार
दहा गुरुवार पूर्ण! शेवटचा आकडा ९०. आलेख सरळ वर चढतो. निष्कर्ष: लोकजागृतीमुळे सरोवर सुधारतंय. वाफुला म्हणाला, तुझं सरोवर तुझ्यापेक्षा जास्त अभ्यास करतं. जळतो.
ऋणनिर्देश तर फारच सुंदर उतरलाय. ‘श्री. ओमोलो यांच्या अथक वल्ह्यांशिवाय हे संशोधन किनाऱ्यालाच राहिलं असतं.’ वाचताना माझेच डोळे भरून आले.

८ एप्रिल, मंगळवार
आमच्या गाइड डॉ. आवितीमॅडम. ऋणनिर्देश त्यांनाही फार आवडला. इतका की शुक्रवारच्या सादरीकरणाला त्यांनी काकांना परस्पर बोलावलं. म्हणाल्या, ज्यांच्या पाण्यावर पदवी मिळवायची त्यांनी समोर बसलंच पाहिजे.
घाबरण्याचं कारण नाही. काका अबोल आहेत.

११ एप्रिल, शुक्रवार
लिहू नये असं वाटतंय. लिहितो.
काका मयतीला घालायचा काळा कोट इस्त्री करून आले होते. पहिल्या रांगेत बसले. हातात प्लॅस्टिकची पिशवी. माझा आलेख पडद्यावर चढला, टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, काका, तुम्हीही दोन शब्द बोला.
काका उठले. म्हणाले, पोरगं तापाने फणफणलं होतं, पहिल्या दिवसानंतर येऊच शकलं नाही. तबकडी माझ्याकडे होतीच. म्हटलं, वर्ष वाया जायला नको त्याचं. दर गुरुवारी मीच जाऊन आलो. वाचायचं तर चष्मा लागतो, म्हणून जिथे तबकडी दिसेनाशी झाली तेवढा जाळ्याचा दोरा कापून ठेवला, मी धरली होती त्या पहिल्या दिवसाचाही. बरा झाला की देईन म्हटलं, पण तो आलाच नाही, म्हणून आज घेऊन आलो.
त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. पहिल्या आठवड्याच्या दोऱ्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, असे. मॅडमनी पट्टी मागवली आणि एकेक मोजू लागल्या. ५८. ५५. ५१. ५३. ४९. सहाव्या आणि सातव्या आठवड्याच्या जागी दोरा नव्हताच, जलपर्णीचा वाळका देठ होता. मॅडमनी विचारलं, हे काय? काका म्हणाले, त्या दोन गुरुवारी वाऱ्याने जलपर्णी आणून काठ बंद केला होता, बाई. बदक चालत गेलं असतं, नाव नाही. आठ-दहा दिवस कुणाच्या चुलीवर मासळी चढली नाही.
पडद्यावर माझा आकडा होता. ७४, निवळशंख. ७८, निवळशंख.
मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पडद्याकडे बघत राहिल्या. काका एकदा दोऱ्यांकडे बघत, एकदा आलेखाकडे. मग हळूच मला विचारलं, माझे दोरे चुकले का रे?
मॅडमच म्हणाल्या, नाही काका. या खोलीत तेवढेच बरोबर आहेत.
मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. अजून वाटते आहे, जेवतानाही.
निकाल: प्रोजेक्ट शून्य. पुन्हा दहा गुरुवार. या वर्षीच्या पदवीदानात मी नाही. आईला फोन केला. ती म्हणाली, झगा ठेवते पेटीत, वर्षभरात मी जाड झाले तर तुझ्यामुळे.

१७ एप्रिल, गुरुवार, सकाळी ९
साडेपाचला काठावर होतो. वाफुलाने उठवलं, पण उठलो मी. पाऊस भुरभुरत होता. उलटी एकदाच. तबकडी मी धरली. ४६. तेवढंच लिहिलं, शेरा नाही.
परत येताना सांगून टाकलं, काका, मला ताप नव्हता. एकदाही नव्हता. त्यांनी दहा वेळा वल्हं मारलं. मग डबा माझ्याकडे सरकवला. म्हणाले, पाणी उपस, नावेत साचलंय.
काठाला लागल्यावर त्यांनी खिशातून दोरा काढला, तबकडीच्या दोरीला लावून मोजला, कापला आणि एक गाठ मारली. मी म्हटलं, आता कशाला काका, मी आहे ना.
म्हणाले, असू दे, प्रोफेसर. तुला परत ताप आला तर.