गप्प बसले, म्हणजे मंजूर

६ जानेवारी

झाली! यंदाची उद्दिष्टं एकदाची लिहून झाली! सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले ती जेवायची वेळ टळेपर्यंत. डग म्हणाला, "बाकीच्यांच्या बायका सुट्टीत समुद्रावर जातात, आमची उद्दिष्टं लिहिते." म्हणू दे.

आमचं मटनबर्ड — नाव इथल्या एका समुद्रपक्ष्याचं — म्हणजे काय साधंसुधं काम आहे? जगात कितीतरी सॉफ्टवेअर उघडी पडलेली असतात — कुणीही आत डोकवावं, कुणीही दुरुस्त करावं. ती बनवणारी माणसं एकमेकांना कधी भेटलेलीसुद्धा नसतात. अशा मंडळींची आम्ही नाडी बघतो. नव्या माणसाच्या प्रश्नाला कुणी उत्तर देतं, की बिचारा तिष्ठत राहतो? भांडणं मिटतात, की धुमसत राहतात? सगळा भार एकाच डोक्यावर तर नाही ना? हे मोजायचं आमचं सॉफ्टवेअर, तेही उघडंच. सुरुवात मी केली, होबार्टच्या या घरातून, याच टेबलावर. आज कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आमची मापं वापरतात. अभिमान वाटतो. का वाटू नये?

उद्दिष्टं पाच आहेत. चार सज्जन. पाचवं मात्र खास इलाईसासाठी: 'दरवर्षी आपली मापं आधी आपल्यालाच लावायची, आणि ज्या माणसावाचून काम अडतं असं दिसेल त्यानं जुलैचा अख्खा महिना कामाला हात लावायचा नाही.' नाव घातलेलं नाही. पण नवी आवृत्ती बाहेर सोडायच्या सगळ्या किल्ल्या तिकडे सुवा शहरात कोण दाबून बसलाय, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कधीची सांगतेय, दुसऱ्या कुणाला तरी शिकव. "शिकवतो ना, पुढच्या महिन्यात." आता बस म्हणावं!

१३ जानेवारी

मंजूर! पाचही मंजूर! एकाचीही हरकत नाही!

आमची रीतच आहे. प्रस्ताव सगळ्यांसमोर मांडायचा, आठवडाभर वाट बघायची. कुणी काही बोललं नाही तर झाला. गप्प बसले, म्हणजे मंजूर. पण पाचांपैकी एकावरही कुणी शब्द काढू नये, असं आजवर कधी झालं नव्हतं. लिहिलंयच तसं मी.

१९ जानेवारी

वेलिंग्टनहून नायरीचा फोन. आमच्या सभा ती चालवते, भांडणंही तीच मिटवते.

"अगं लोर्ना, एकमत कसलं डोंबलाचं! जानेवारीतला सुट्टीचा आठवडा! आम्ही सगळे तंबू ठोकून पडलो होतो. कुणी वाचलंच नाही!"

खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं हे. इकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि ऐन सुट्टीत मांडला मी प्रस्ताव! पण तिला कशाला सांगू?

"वाचायचं होतं मग," म्हटलं.

"इलाईसा होडी घेऊन मासे धरायला गेला होता."

"रीत म्हणजे रीत, नायरी."

"बघ हं. तूच म्हणालीस." तिचा सूर मला आवडला नाही.

२३ मार्च

पहिलं उद्दिष्ट पार! मापांची माहिती आता फिजीयन आणि सामोअन भाषांतही. आपल्या समुद्राच्या भाषा! पायरीवर बसून डगबरोबर शिंपल्यांचं सारण भरलेला स्कॅलप-पाय खाल्ला. त्याला काही कळलं नाही, पण त्याच्या बायकोला आनंद झालाय एवढं कळलं.

११ मे

आज सभेत आमची मापं आम्हालाच लावली. नायरीनं पडद्यावर चित्र आणलं. ज्याच्यावर जेवढा भार, तेवढं त्याचं वर्तुळ. इलाईसाचं वर्तुळ लिंबाएवढं! आणि मधोमध एक भलंमोठं, बाकीच्यांना कोपऱ्यात ढकलणारं — त्यात माझं नाव.

इलाईसा इतका हसला की हातातला यंगोना पेयाचा कटोरा सांडला. "बाईसाहेब! माझ्याकडे नुसत्या किल्ल्या आहेत हो! आत काय ठेवायचं, कधी ठेवायचं, सगळं तुम्हालाच तर विचारतो मी!"

मी म्हटलं, काहीतरी गडबड आहे. सूत्र चुकतंय.

"सूत्र कुणी लिहिलंय?" नायरीनं अगदी गोड आवाजात विचारलं.

मीच लिहिलंय.

मग तिनं दुसरं चित्र दाखवलं. नवी माणसं येतात, विचारतात, मी ताबडतोब उत्तर देते, ती निघून जातात. टिकत कुणी नाही. "तू इतक्या चटकन उत्तर देतेस की दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला जागाच उरत नाही," नायरी म्हणाली. "माणसं येतात, तुला भेटतात आणि जातात. आम्हाला कुणी भेटतच नाही."

चटकन उत्तर देणं हा कधीपासून गुन्हा झाला?

मग इलाईसा म्हणाला, "तर मग जुलै. रीत म्हणजे रीत." नायरीनं सांगितलं असणार त्याला!

१२ मे

रात्रभर धुसफुसले. सकाळी ते चित्र पुन्हा उघडलं. खरं सांगायचं तर — छाती फुगली. केवढं मोठं वर्तुळ! एकटीनं ओढलंय मी हे सगळं, इतकी वर्षं.

डग डोकावला. "फ्रेम करून लावू का भिंतीवर?"

"लाव की!" म्हटलं.

नंतर चहा पिताना मनात आलं, असलंच चित्र दुसऱ्या कुठल्या मंडळींचं असतं तर मी काय म्हटलं असतं? 'तब्येत गंभीर' म्हटलं असतं.

३० जून

उद्यापासून हात बांधलेले. वाचायला परवानगी, लिहायला नाही. नवी आवृत्ती नेमकी जुलैअखेर बाहेर पडायची आहे. शेकडो मंडळी तिची वाट बघताहेत. नायरी म्हणते, "पडली तोंडावर तर पडली. उठू."

माझ्यावाचून सगळं कोसळलं तर? आणि नाही कोसळलं तर? या दुसऱ्या प्रश्नाचीच भीती जास्त वाटतेय, हे इथे तरी कबूल करावं.

३ जुलै

कुनान्यी डोंगरावर बर्फ पडलंय. शेगडी पेटवून बसले. अपियाहून लांगी नावाच्या कुणा बाईनं विचारलंय — ती बंदराच्या कचेरीत काम करते, तिथलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मंडळींची तब्येत तिला बघायची आहे, पण आकडे उलटेच येताहेत. दोन ओळींचं काम! उत्तर मला तोंडपाठ आहे!

कुणीही बोलत नाहीये.

५ जुलै

अजून नाही. ती बाई जाणार. गेलीच समजा.

डगनं लॅपटॉप उचलून गाडीत ठेवला आणि किल्ली खिशात घातली. वाचायला फोन पुरे, म्हणतो.

६ जुलै

उत्तर दिलं! इलाईसानं! आणि साफ चुकीचं! मी घरात अक्षरशः ओरडले. लांगीनं करून पाहिलं, होईना. तिनं तसं लिहिलं. इलाईसा म्हणाला, "माफ कर गं, मलाही नीट येत नाही. चल, दोघं मिळून शोधू."

दोघं मिळून शोधू! मी असं कधी कुणाला म्हटलं नव्हतं. मला तर येतच होतं.

१४ जुलै

सापडलं त्यांना. वाटेत माझ्या सूत्रातली एक जुनी खोटही सापडली. मला कधी दिसली नव्हती ती.

१९ जुलै

ब्रूनी बेटावर. कालवं खाल्ली, वारा खाल्ला. डग म्हणाला, "सकाळपासून एकदाही मटनबर्डचं नाव नाही काढलंस." काढलं नव्हतं खरं! लगेच काढलं. लांगी आता इतरांनाही उत्तरं देते. किल्ल्यांतली एक इलाईसानं तिच्याकडे दिली. अखेर शिकवलंन!

३१ जुलै

आवृत्ती बाहेर पडली. दुपारी एका जागी फुटली, तिघांनी मिळून जोडली. संध्याकाळपर्यंत सगळीकडून शाबासक्या — नायरीला, इलाईसाला, लांगीला. माझं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायचं कारणच नव्हतं.

थोडं रडू आलं. मग सगळ्या शाबासक्या डगला मोठ्यानं वाचून दाखवल्या, जणू मलाच मिळाल्यात!

४ ऑगस्ट

महिना संपला. मदतीच्या पानावर एक बारीकशी चूक दिसली, ती सुधारून पाठवली. चहा ओतेपर्यंत लांगीचं उत्तर हजर: "तालोफा लोर्ना! मटनबर्डमध्ये स्वागत. पहिल्यांदाच आलात वाटतं? तुमची दुरुस्ती घेतली, छान आहे. पुढे काही अडलं तर बिनधास्त विचारा. कुणी ना कुणी असतंच इथे."

मी लिहिलं, "धन्यवाद. हो, नवीनच आहे."